फळीवरचा हुकूम

"मग माझं चुकलं काय, तेवढं सांगा."

ऋजुता दोराच्या शिडीची शेवटची पायरी उतरता उतरताच बोलली. प्रश्न तिने वरच पक्का केला होता, फक्त खाली येईपर्यंत धरून ठेवला होता.

दौलूमास्तर लोखंडी खुर्चीत बसून, झुलेवाले हातांना लावतात त्या खडूच्या भुकटीची पिशवी शिवत होते. वय एकोणसत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तरी सुईत दोरा स्वतःच ओवायचा हट्ट.

"हाक दिलीस?"

"दिली."

"आणि पोरगी?"

"उभीच राहिली."

"मग एवढंच चुकलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दोरा दातांनी तोडला.

ऋजुताला राग आला. सलग तिसरी सकाळ होती ही. वर, तंबूच्या शेंड्याजवळ, हातभर रुंदीच्या फळीवर मारिसोल अजून बसलेली होती. डोळ्यांवरची पट्टी तिने कपाळावर सरकवली होती आणि ती शांतपणे संत्रं सोलत होती.

सर्कशीचं नाव रॉयल माणदेश. मुक्काम बार्शीबाहेरच्या मैदानात. दोन महिन्यांपूर्वी कोलंबियाहून मारिसोल आणि तिचा भाऊ एदिल्सोन या सर्कशीत आले, ते पट्टीची उडी घेऊन.

उडी अशी. मारिसोल डोळ्यांवर पट्टी बांधून, झुला हातात धरून फळीवर उभी राहते. समोरच्या झुल्याला एदिल्सोन गुडघ्यांनी उलटा लटकून झोके घेत असतो. कधी निघायचं ते तिला दिसत नाही. फळीवर तिच्या शेजारी उभं असलेलं माणूस सांगतं. एकच शब्द. तो अर्धा सेकंद लवकर आला किंवा उशिरा आला, तर हाताला हात लागत नाही.

इतकी वर्षं तो शब्द त्यांचे वडील द्यायचे. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि म्हातारा घरीच राहिला. दौलूमास्तरांनी तरुणपणी तिकडच्याच सर्कशींत हेच काम केलं होतं, पण आता त्यांना फळीवरून समोरचा झुलाच दिसत नव्हता.

मारिसोलची अट एकच होती. शब्द तिच्या भाषेतला हवा. डोळे बांधलेले असताना मनात भाषांतर करत बसायला तिला सवड नव्हती.

"मी देते," ऋजुता म्हणाली होती.

ऋजुता गोंधळेकर. पुण्याची, स्पॅनिशची सुवर्णपदकवाली. सर्कशीने तिला दुभाषी म्हणून आणलं होतं. जेवण कधी, गाडी कधी, कागदावर सही कुठे, एवढं त्या दोघांना समजावून सांगायला. एवढ्यावर समाधान मानणारी ती नव्हे. नाकावर माशी बसू देत नसे.

आणि तिच्या वडिलांनी निघताना विचारलं होतं, "सोन्याचं पदक घेऊन तंबूत चाललीस?"

त्यावर तिने त्यांना रविवारच्या खेळाचं आमंत्रणच देऊन टाकलं होतं. पहिल्या रांगेत बसा म्हणून.

आज गुरुवार. मालकांनी सांगून ठेवलं होतं, की शनिवार दुपारपर्यंत मारिसोल तिच्या हाकेवर उडाली नाही, तर रविवारच्या जाहिरातीवरून पट्टीची उडी खोडायची. मग ऋजुतानेही पुण्याची गाडी धरावी, साधं दुभाषाचं काम एदिल्सोनच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर भागेल.

"मास्तर, पहिल्या दिवशी माझी चूक होती, मला मान्य आहे," ऋजुता म्हणाली. "मी आदरार्थी बोलले."

पहिल्या दिवशी तिने खरंच तसं केलं होतं. निघ म्हणण्याऐवजी निघावं म्हणाली होती. साल्गा. अनोळखी माणसाशी सभ्यपणे बोलायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. मारिसोल एवढी हसली की तिला झुला सोडून फळी धरावी लागली.

"वर हाक देताना मान देत बसायचं न्हाई," मास्तर तेव्हा म्हणाले होते. "हात द्यायचा."

"पण त्यानंतर मी एकही चूक केलेली नाही," ऋजुता आता म्हणाली. तिने पिशवीतून वही काढली. "हे बघा. या भाषेत बहुतेक क्रियापदं आज्ञा करताना सरळ नियमाने चालतात. आठ चालत नाहीत. शेपूट तुटतं त्यांचं. दी, म्हणजे सांग. आस, कर. बे, जा. पोन, ठेव. साल, नीघ. से, हो. तेन, धर. बेन, ये."

तिने एका दमात म्हटलं. एकही अडखळ नाही.

मास्तर सुई पिशवीत खोचून ऐकत राहिले.

"आठच?"

"आठच."

"मी एकोणीस वरसं त्या मुलखात काढली," मास्तर म्हणाले. "एवढ्याच शब्दांवर काढली. बाकीची भाषा मला येत न्हाई."

"बाकीची मला येते," ऋजुता म्हणाली. तिला ते बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

मास्तर हसले. "ह्यांची शेपटं कशानं तुटली म्हणायची?"

"फार जुनी रूपं आहेत. लॅटिनपासून..."

"झिजली असत्याल," मास्तर म्हणाले. "घरातली रोजची पळी झिजती. पाहुण्यांची तशीच ऱ्हाती."

ऋजुताने हे वहीत लिहून घेतलं नाही. नंतर तिला त्याचं वाईट वाटलं.

"बरं, मला हुकूम दे," मास्तर म्हणाले.

"कसला?"

"कसलाबी. तुझ्या आठातला."

ऋजुताने त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "पोन."

मास्तर पिशवी शिवायला लागले.

"पोन," ती मोठ्याने म्हणाली.

एक टाका पडला. दुसरा पडला...

"ऐकू आलं नाही का?"

"आलं की."

"उच्चार चुकला?"

"झकास हुता."

"मग खाली ठेवली का नाहीत?"

"ठेवली असती तर तुझं काय हुणार हुतं?"

तिचं काहीच होणार नव्हतं.

"तेन," मास्तर म्हणाले.

पिशवी कधी उडाली ते तिने पाहिलंच नाही. दोन्ही हात आपोआप पुढे गेले आणि पिशवी छातीशी धरलेली होती. शिवण अर्धीच झालेली, त्यामुळे भुकटीचा लोट उठून तिचं तोंड पांढरंफेक झालं. वरून मारिसोल खिदळली.

"ह्याला काय म्हणत्यात तुझ्या वहीत?" मास्तरांनी विचारलं.

"आज्ञार्थ," ऋजुता खोकत म्हणाली.

"असंल," मास्तर म्हणाले, आणि पिशवी परत मागून घेतली.

हुशार माणसाला अर्धा धडा मिळाला की तो पुरा मिळाल्यासारखा वागतो. ऋजुताने रात्रभर विचार करून ठरवलं, की गुपित झटक्यात आहे. सगळा खेळ आवाजाच्या धारेचा आहे.

शुक्रवारी अकराच्या सरावाला ती फळीवर चढली आणि कवायतीच्या मैदानावर द्यावी तशी हाक दिली.

"साल!"

पलीकडे एदिल्सोन दचकला. खाली हत्तीखान्याच्या जुन्या गाड्यावर झोपलेलं कुत्रं उठून पळालं. मारिसोल जागची हलली नाही.

पुन्हा हाक. पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी मारिसोलने पट्टी काढली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट ती ओशाळली होती.

"तू फार छान बोलतेस," ती आपल्या भाषेत म्हणाली. "आमच्या शाळेतल्या बाईंपेक्षा छान."

"मग उडत का नाहीस?"

"पाय उचलत नाहीत. मी सांगते त्यांना, पण नाही उचलत." मारिसोलने बोटांनी पट्टीची घडी घातली. "तुझा आवाज आला की मला वाटतं, तू परीक्षेला बसली आहेस. ऋजुता, उडणार मी आहे."

ऋजुता खाली उतरली. तिने वही पिशवीच्या तळाशी टाकली, वर कपडे टाकले आणि चेन लावली. ती रडली, पण हे तिला कुणी विचारलं तर ती नाही म्हणेल.

शनिवारी सकाळी सातला ती मास्तरांचा निरोप घ्यायला तंबूत आली. पिशवी खांद्यावर होती.

तंबूत कुणीच नव्हतं. दव पडून सगळं ओलं झालेलं. रिंगणावर मोठी जाळी लोंबत होती. मास्तर शिडीखाली अनवाणी उभे होते.

"मी निघते, मास्तर."

"चल वर."

"आता कशाला?"

"चल तर खरी."

मास्तर पुढे चढले. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पायांना प्रत्येक पायरी पाठ होती. ऋजुता वर पोचली तेव्हा ते फळीवर उभे होते आणि त्यांना धापही लागली नव्हती.

त्यांनी खिशातून पट्टी काढली. मारिसोलची काळी पट्टी.

"बांध."

"कुणाला?"

"हितं दुसरं कोण हाय?"

"तुमच्या डोळ्यांवर? मास्तर, तुम्हाला तसंही..."

"तसंही दिसत न्हाई. म्हाईत हाय. बांध."

तिने बांधली. तिच्या बोटांना त्यांच्या मानेवरचे पांढरे केस लागले. आपल्या आजोबांची मान अशीच होती, हे तिला उगाचच आठवलं.

मास्तर दोन पावलं पुढे सरकले. पायाची बोटं फळीच्या कडेबाहेर आली.

"आता बोल."

"काय बोलू?"

"तुझ्या आठातला चौथा का पाचवा असंल तो. नीघ म्हण. मी उडतो."

ऋजुताला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. पोटऱ्या ताणलेल्या होत्या. शरीर पुढे कललेलं होतं, इतकं, की आता फक्त शब्दाचीच वाट होती. थट्टा नव्हती ही.

"मास्तर, मागे या."

"ते आठात न्हाई."

"मास्तर..."

मास्तर थांबून होते.

तिने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. तीन वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत तो तिने तीन परीक्षकांसमोर हसत हसत म्हटला होता. एवढासा शब्द, शेपूट तुटलेला.

तो बाहेर येईना.

तिने पुन्हा प्रयत्न केला. हा शब्द बोलला की हा माणूस जाईल. बोलेल ती, आणि जाईल हा. आजपर्यंत एवढ्या वेळा तिने तो उच्चारला, पण त्याने कधी कुणी कुठे गेलं नव्हतं.

खाली जाळी दिसत होती. आणि मग तिला एकदम आठवलं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी सांगितलं होतं, या सर्कशीत जो हाक देतो तो जाळी ताणतो. दव पडलं की नायलॉनचे दोर सैल पडतात, म्हणून रोज सकाळी ओढून पुन्हा बांधायचे. ही इथली रीत. तेव्हा ऋजुताने नाक मुरडलं होतं. मी भाषेसाठी आले आहे, म्हणाली होती. मग ते काम तंबूवाल्या गड्यांकडेच राहिलं. गडी नाश्ता करून दहाला यायचे, म्हणून अकराच्या सरावाला जाळी कायम तयारच मिळायची. कुणी ताणली, कशी ताणली, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

आता वाजले होते सात.

"मास्तर, आज जाळी ताणली आहे का?"

"मला काय ठावं?" मास्तर म्हणाले. "माझं डोळं बांधल्यालं हाईत."

ऋजुताने खांद्यावरची पिशवी फळीवरच टाकली आणि ती शिडीवरून धावत उतरली. चार पायऱ्या तर घसरलीच.

जाळीला सोळा दोर होते. ती पहिल्यापाशी गेली, वजन टाकून ओढून पाहिला. पक्का. दुसरा पक्का. तिसरा पक्का. पक्का असला तरी ती पुढे पळत नव्हती. प्रत्येक गाठीवर अंगठा दाबून बघत होती.

सातवा दोर हातात सैल आला.

तिने गाठ सोडली. पाय खुंटीला टेकवला, अंग मागे टाकलं आणि ओढला. ओला दोर तळव्यातून सरकला, कातडी घेऊन गेला. तिने हाताला ओढणी गुंडाळली आणि पुन्हा ओढला. बसला. गाठ मारली, मग तीच गाठ पुन्हा सोडून पुन्हा मारली, कारण पहिली तिला आवडली नाही.

बारावाही सैल होता.

सोळावा झाल्यावर ती स्वतः जाळीत चढली आणि मधोमध जाऊन दोन उड्या मारल्या. जाळीने तिला खणखणीत वर फेकलं. मग तिने वर पाहिलं.

मास्तर कडेवर तसेच उभे होते. बोटं बाहेर. हात पुढे.

ती वर चढून आली तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती.

"तुम्ही अजून तसेच उभे आहात?"

"तू काय बोललीच न्हाईस," मास्तर म्हणाले.

ऋजुता त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिने एकदा खाली पाहिलं, सातव्या खुंटीकडे, बाराव्या खुंटीकडे. श्वास बसू दिला. मग तिने त्यांच्या खांद्याकडे, मानेकडे, कललेल्या पाठीकडे पाहिलं. तिच्या मनात वही नव्हती.

"साल," ती म्हणाली.

मोठ्याने नाही. आईने दाराशी मुलाला म्हणावं तेवढ्याच आवाजात.

शब्द संपायच्या आत फळी रिकामी होती.

एकोणसत्तर वर्षांचा माणूस हवेत एकदा गोल फिरला, पाठीवर जाळीत पडला, वर उसळला, पुन्हा पडला आणि दुसऱ्या उसळीला दोन पायांवर उभा राहिला. पट्टी न काढताच त्याने कमरेवर हात ठेवले.

ऋजुता फळीवर मटकन बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्ही पुसायला हात मोकळे नव्हते, कारण तळवे सोललेले होते.

तंबूच्या दारात मारिसोल उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती पुढे आली, जाळीतून मास्तरांच्या डोळ्यांची पट्टी सोडवून घेतली आणि शिडी चढायला लागली. एदिल्सोनला हाका मारत, दात घासतोय तर घासू दे, तसाच ये म्हणत.

त्या सकाळी मारिसोल सात वेळा उडाली. सातही वेळा एदिल्सोनच्या हातात गेली.

रविवारी तीनचा खेळ. तंबू गच्च भरला होता. पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर रुमाल पसरून गोंधळेकर बसले होते.

सकाळी सहालाच ऋजुताने जाळी ताणली होती. तळव्यांना फडकी बांधून. या खेपेला मारिसोल तिच्याबरोबर होती. दोघींनी सोळा दोर फिरून पाहिले आणि मग एका ताटात पोहे खाल्ले.

बँड थांबला. मालकांनी माइकवर सांगायचं ते सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. फळीवर मारिसोलने डोळे मिटले. ऋजुताने पट्टी बांधली, दोन गाठी, आणि एक बोट आत घालून पाहिलं.

"दिसतंय?"

"काही नाही."

"घट्ट झाली?"

"नाही." मारिसोल हसली. "आज परीक्षा नाही ना तुझी?"

"नाही," ऋजुता म्हणाली. आणि ते खरं होतं. वडील खाली बसले आहेत हे ती विसरूनच गेली होती.

तंबू गप्प झाला. दोन हजार माणसं एकाच वेळी गप्प झाली, की कनातीचा कापडी आवाज ऐकू येतो. तो येत होता.

समोर एदिल्सोन उलटा लटकला. एक झोका. दुसरा... ऋजुता त्याच्या मनगटांकडे बघत होती. तिसऱ्याला ती मनगटं नेमकी जिथे असायला हवीत तिथे निघाली.

"साल."

मारिसोल गेली.

फळी एकदम हलकी झाली. झुला पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. टोकाला पोचताच पलीकडून एदिल्सोनची हाक आली. "बेन." ये. मारिसोलने झुला सोडला. आता तिच्या हातात काहीच नव्हतं. डोळ्यांवर काळी पट्टी, खाली चाळीस फूट, आणि पुढे पसरलेले दोन हात, जे तिला दिसत नव्हते.

मनगटाला मनगट लागलं. तो आवाज ऋजुताला इथपर्यंत ऐकू आला.

तंबू फुटला. लोक उठून उभे राहिले, शिट्ट्या घुमल्या. पण ऋजुताचं काम संपलं नव्हतं. नेऊन सोडलेलं माणूस परत आणायचं होतं. तिने रिकामा झुला पकडला, श्वासभर धरला आणि नेमक्या झोक्याला सोडला.

"बे," एदिल्सोन पलीकडे म्हणाला. जा. आणि त्याने बहिणीला हवेत दिलं.

मारिसोल अंधारातच वळली. झुला तिच्या बोटांत आला. ती फळीकडे येऊ लागली, मोठी होत, वेगाने, पाय पुढे काढून.

ऋजुता कडेला गेली. तिच्या पायाची बोटं फळीबाहेर आली होती, पण हे तिला कळलंही नाही. तिने दोन्ही हात पसरले.

"बेन," ती म्हणाली. "बेन, मारिसोल."

खडूने माखलेले दोन हात तिच्या सोललेल्या हातांत पडले. झणझणीत दुखलं. तिने घट्ट धरले आणि ओढून घेतलं.

मग काय झालं ते बार्शीत बरेच दिवस सांगत होते. बँडवाले सूर सोडून वाजवत होते. मालकांना माइकवर बोलता येईना. आणि पहिल्या रांगेतले गोंधळेकर, ज्यांनी घरात कधी आवाज चढवला नव्हता, ते प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे राहून रुमाल फिरवत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, की ती वरची दुसरी, जी उडाली नाही ना, ती माझी.

फळीवर दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या. पट्टी काढायचं कुणाला सुचलं नाही.

खेळ सुटल्यावर ऋजुता पडद्यामागे आली. मास्तर त्याच लोखंडी खुर्चीत बसले होते. तिने वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मास्तरांनी तिचे हात उलटे करून तळवे आपल्या डोळ्यांपाशी नेले. दिसत नव्हतं, म्हणून अंगठ्याने चाचपून पाहिले.

"तेल लाव," ते म्हणाले.

ऋजुता जमिनीवर बसली. तिला आनंद एवढा झाला होता, की गप्प बसवत नव्हतं. तरी एक गोष्ट कालपासून घशात अडकली होती.

"मास्तर, दोन दोर सैल आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. पहाटं फिरून बघितलं हुतं."

"आणि मी खाली गेलेच नसते तर? वर चढल्या चढल्या, काही न बघता, नीघ म्हणाले असते तर?"

मास्तरांनी सुई उचलली. दोरा ओवायला बराच वेळ लागला. तीनदा चुकला...

"तर उडलो असतो की."